प्रार्थनेत लक्षच टिकत नाही, एडीएचडी आहे, कुणाला अनुभव आहे का?

रेल्वेलाइन्सवाली:
सर्वांना सलाम. वय ३४, सोलापूर. मागच्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाचं, निदान झालं, मिथाइलफेनिडेट ही त्यावरची गोळी चालू आहे, ऑफिसच्या कामात फरक पडलाय. पण पहाटे बायबल उघडलं की तीच ओळ चारदा वाचते नि पाचव्यांदा गॅस बंद केला का बघायला उठते, डोळे मिटले की नवी पेठेतली खरेदी, लाइटबिल, भावाला करायचा फोन सगळं एकदम. चर्चच्या मंडळीतल्या एका मोठ्या माणसाने तोंडावर सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय. फार लागलं ते. डॉक्टर म्हणतात माइंडफुलनेस करा, म्हणजे श्वासाकडे, चालू क्षणाकडे लक्ष द्यायचा सराव, आई म्हणते ते बौद्धांचं, आपण कशाला. काय करू?

होटगीरोड७२:
ताई सलाम. मला चष्मा लागला तेव्हा कुणी माझा विश्वास काढला नव्हता, हेही तसंच आहे, मनाला लावून घेऊ नका. माइंडफुलनेसचं मूळ बौद्ध ध्यानात आहे हे खरं, पण दवाखान्यात शिकवतात ते १९७९ पासून अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी बसवलेलं, त्यात पूजाअर्चा काही नसते. २००८ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एडीएचडीवाल्यांवर ८ आठवड्यांचा प्रयोग झाला, बसायची सुरुवात फक्त ५ मिनिटं, शिवाय चालत करायचं ध्यान. बऱ्याच जणांनी त्रास कमी झाल्याचं सांगितलं, पण माणसं थोडी होती नि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे गोळी स्वतःहून सोडू नका.

भाकरीवाली मावशी:
बाळा, मला पण एका जागी बसवत नाही. मी भाकरी थापताना प्रार्थना करते. श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडताना "माझ्यावर दया कर", हातावर पीठ फिरतंय, तव्यावर पाणी फिरवलं की चर्र वाजतं, तेवढ्यात मन गेलंच तर परत पहिल्या शब्दावर यायचं, स्वतःला रागवायचं नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांत ही प्रार्थना शेकडो वर्षं म्हणतात. आणि पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स, १७व्या शतकातले, ते तर स्वयंपाकघरातच राबायचे, भांडी घासताना देवाशी बोलायचे. मन दहादा गेलं तर दहादा परत आलीस, देवाकडे दहादा वळलीस की गं.

कंबरतलाव_फेरी:
अध्याय नको, एकच ओळ घ्या, मोठ्यांदा वाचा, मग चालत चालत तीच घोळवा. मी तलावाच्या कडेने स्तोत्र २३ ची पहिली ओळ घेऊन फिरतो, बसून जमतच नाही मला. आणि एक विचारतो, गोळी कधी घेता? साध्या गोळीचा असर चढायला अर्धा-पाऊण तास तरी जातो.

रेल्वेलाइन्सवाली:
अय्यो, गोळी नाश्त्यानंतर घेते नि प्रार्थना पहाटे साडेपाचला! वर्षभर हे डोक्यातच आलं नाही. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारते, तोपर्यंत प्रार्थनाच नाश्त्यानंतर ढकलते, पाचच मिनिटं. मावशी, आज चपात्या लाटताना करून बघितलं, तिसऱ्या चपातीला मन भावाच्या फोनकडे गेलं, परत आले. एक करपली, पण रडू आलं नाही.