मदत हवी आहे: ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जिवाणूमुळे मणक्याला सूज, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक) १२ आठवड्यांनी थांबवावी का?

रुग्ण ४५ वर्षांचा, म्हशींचा गोठा. गाभडलेल्या म्हशीची वार हातमोज्यांशिवाय काढलेली. कंबरदुखी, रात्री घाम, येऊनजाऊन ताप. एमआरआयमध्ये एल४-एल५ या कंबरेच्या मण्यांमधली चकती आणि लगतच्या मण्यांना सूज, उजव्या सॅक्रोइलिॲक (कंबरेखालच्या) सांध्यालाही. गळू नाही, पायांत ताकद पूर्ण. एसएटी (ब्रुसेलाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) १:६४०. आपल्याकडे मणका म्हटलं की आधी टीबीच, म्हणून सुईने नमुना घेऊन जीनएक्सपर्ट (टीबीची जनुकीय चाचणी) केली; निगेटिव्ह.

डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा (दुधासोबत नाही!), सोबत पहिले २१ दिवस स्ट्रेप्टोमायसिन १ ग्रॅम स्नायूत. रिफाम्पिसिन (टीबीवरही चालणारं औषध) मुद्दाम टाळलं: निगेटिव्ह जीनएक्सपर्टने टीबी पुरता बाद होत नाही, तो अर्धवट दबला असता; शिवाय रिफाम्पिसिनने डॉक्सीची रक्तातली पातळी उतरते.

आता १२ आठवडे पूर्ण. ताप नाही, सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशांक) नॉर्मल, एसएटी १:१६०. पण बसून उठताना कळ येते, मांडीमागचे स्नायू आखडलेले. एमआरआयमध्ये सूज कमी, पण आहे. एमआरआयमधली सुधारणा मागे रेंगाळते आणि एसएटीही महिनोन्महिने पॉझिटिव्ह राहते, हे ठाऊक आहे. मूत्रपिंड, यकृत, ऐकणं ठीक. कच्चं दूध बंद, गोठ्याची तपासणी चालू.

अशा रुग्णांवर उपचार केलेल्यांना विचारायचंय: उरलेली कळ यांत्रिक मानून डॉक्सी थांबवता आणि फिजिओ सुरू करता, की आणखी १२ आठवडे देता? आणि हा निर्णय नेमका कशावर घेता?