घाटात एसी बंद करावा लागू नये म्हणून जुनी डिझेल हॅचबॅक घ्यावी का?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. राहतो इंदूरला, नोकरी पीथमपूरला. कामावर कंपनीची बस नेते, त्यामुळे गाडीचं खरं काम महिन्यातून दोनदाच: आईला घेऊन खंडव्याला मामाकडे. सध्या १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. सपाटीवर काही तक्रार नाही. पण येताना बडवाह सोडून भेरूघाट चढायला लागलो की इंजिनाला जरा बळ मिळावं म्हणून माझा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जातो. आई मागे डुलक्या घेत असते. वारा थांबला की डोळे न उघडता म्हणते, "आला वाटतं घाट."

मग दुसरा गिअर, इंजिनाचा आक्रोश, पुढे कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक, आणि त्याच्या मागे आम्ही, काचा खाली करून त्याचा धूर खात.

दिवाळीत मावसभावाची २०१५ ची पोलो जीटी टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगनची डिझेल हॅचबॅक, नेली. दिसायला काय, चार जणांच्या दारात असते तशीच गाडी, मागे दोन अक्षरं जास्त. घाटात तसाच एक ट्रक लागला. समोर मोकळं दिसलं तेव्हा तिसरा गिअर होता, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा १८०० च्या जरा वर. बाहेर काढली आणि पाय अर्धाच दाबला. क्षणभर काहीच नाही. मग बॉनेटखालून बारीक शिट्टी, आणि कुणी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी निघाली. शेजारच्या सीटवरचा अनारशांचा डबा सरकून सीटच्या पाठीला टेकला. एसी चालूच. आई सिमरोलला उठली आणि विचारते, "आज घाट लागलाच नाही का रे?"

तेव्हापासून डोक्यात हेच. एका विक्रेत्याकडे तशीच २०१५ ची, दिल्ली नंबरची, ९६,००० किमी चाललेली गाडी आहे. महिन्याचं माझं रनिंग जेमतेम ६०० किमी. डिझेलचा हिशोब बसत नाही हे मला कळतं, ते सांगू नका. बाकी सगळं सांगा.

महूवाले काका

हिशोब नाही सांगत. मी स्वतः २००८ ची स्विफ्ट डिझेल १,९०,००० किमी चालवली. फियाटचं १.३ मल्टीजेट, १२४८ सीसी, ताकद ७५ पीएस, टॉर्क १९० एनएम. तेच इंजिन फियाटमध्ये, मारुतीत, टाटांच्या गाड्यांत. लोक गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २००० आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असायचं आणि वर गेलं की दुसरंच कुणी गाडी चालवतंय असं वाटायचं. जामगेट घाटाच्या वळणांवर मी ते झोपू द्यायचंच नाही हे शिकलो. गिअर आधी टाकायचा, वळण नंतर.

तुम्हाला जे पाठीमागून ढकलल्यासारखं वाटलं तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. पोलो जीटी टीडीआय म्हणजे १०५ पीएस आणि २५० एनएम, तेही साडेअकराशे किलोंच्या आसपासच्या गाडीत. तिच्याच पेट्रोल बहिणीचा, जीटी टीएसआयचा आकडा १७५ एनएम, पीएस मात्र तेवढेच १०५. म्हणजे शर्यत लावली तर फरक थोडा, चढावर मात्र जमीन-अस्मानाचा. डिझेलमध्ये टर्बोच्या पंख्याने हवा भरपूर कोंबता येते, ती दाबलीही जास्त जाते, त्यामुळे कमी फेऱ्यांतच पिस्टनवर जोर बसतो. ट्रक-ट्रॅक्टरला डिझेल का, याचं उत्तर तेच. ट्रॅक्टरचा गुण चार मीटरच्या डब्यात घातला, एवढीच गंमत आहे.

आणि एक. २०१३ ला ही जीटी टीडीआय आली तेव्हा इंजिन १.६ होतं. आपल्याकडे चार मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी, म्हणून २०१४ मध्ये १४९८ सीसीचं आलं. ताकद तेवढीच ठेवली. फोर्ड फिगोचं डिझेलही १४९८ च, १०० पीएस. सरकारी फूटपट्टीने इंजिनं कापली जायची ती अशी.

निमाडची लेक

काका, तुमचं ऐकून सगळे भावुक होतील, म्हणून मी उलटं बोलते. सनावद-इंदूर मी दर आठवड्याला करते, ह्युंदाईच्या आय२० एन लाइनमध्ये. एक लिटरचं टर्बो पेट्रोल, १२० पीएस, १७२ एनएम, आणि हा टॉर्क १५०० आरपीएमपासूनच मिळतो. भेरूघाटात एसी मीही बंद करत नाही. सकाळी सहाला गाडी सुरू केली तर शेजारच्या आजी खिडकीत येत नाहीत. तुमच्या डिझेलने सगळी गल्ली उठेल.

शिवाय डिझेलचं इंजिन जड, सगळं वजन नाकावर. उताराच्या वळणांवर ते जाणवतं. लोक चढाचंच कौतुक करतात, उतरायचंही असतं ना.

२०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि स्वस्त इंधन हे या गाड्यांचं अर्धं कारण तिथेच संपलं. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा मारुती आणि फोक्सवॅगननं डिझेल थांबवलं. नवीन हॅचबॅकमध्ये आता टाटांची एक अल्ट्रोझच उरली, ९० पीएसची. दादा, तुम्ही गाडी नाही, दिवाळीची आठवण विकत घेताय.

बी शिफ्ट

घ्यायची तर घ्या, पण अशी घ्या.

दिल्लीची आहे म्हणजे स्वस्त का, ते उघड आहे. २०१५ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवायला बंदी घातली, तेव्हापासून त्या आपल्याकडे वाहत यायला लागल्या. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इथे रोड टॅक्स परत भरावा लागेल, एमपीचा नंबर घ्यावा लागेल. तो खर्च गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा. गाडीवर कर्ज बाकी आहे का तेही बघा.

९६,००० वर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसची बिलं मागा. टायमिंग बेल्ट कधी बदलला? बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून चाला. या ताकदवान डिझेलांत बहुतेक डबल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक, असतं. गाडी बंद करताना खडखड झाली किंवा क्लच सोडताना थरथर आली तर तिथूनच परत फिरा. माझ्या आधीच्या डिझेलला क्लच आणि फ्लायव्हील मिळून जे बिल आलं, त्यात बायकोला स्कूटर आली असती. कोणती गाडी ते विचारू नका.

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली आहे का तेही विचारा. "थोडी ट्यूनिंग की है" असं कुणी अभिमानाने म्हणालं तर नमस्कार करून निघा.

एक बरं: त्या काळच्या छोट्या बीएस-४ डिझेलमध्ये डीपीएफची कटकट सहसा नसे. नव्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा तो फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी हायवेवर बराच वेळ एका वेगात पळावी लागते. तुमच्यासारख्या कमी रनिंगवाल्याला तो रडवेल.

सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन थंड असताना सुरू करून बघा, आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाच्या खोडी लपतात. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा.

सुदामानगरकर

सगळ्यांचे आभार. ताई, आठवणीचं बोललात ते लागलं. आय२० पण चालवून बघतो, शब्द.

काल गेलो होतो. रंग चकाचक, सीटवर अजून प्लास्टिक. बी शिफ्ट भाऊंचं ऐकून आधी बॉनेटवर हात ठेवला. पोळी टाकता आली असती इतकं तापलेलं. विक्रेता म्हणे, "अभी धुलवा के लाए हैं, भिया." धुवायला इतकी लांब नेली होती काय, विचारलं नाही. एनओसी दाखवली, ती खरी वाटली. बिलं "घर पे हैं."

चालवली. क्लचला थरथर नाही. तिसऱ्या गिअरला रिंगरोडच्या पुलावर तीच शिट्टी, तोच धक्का. आईला सोबत नेलं होतं. ती म्हणाली, बसायला चांगली आहे, पण हिच्यात एसी जरा जास्तच गार नाही का?

उद्या सकाळी साडेसहाला परत जातोय, न सांगता. चौकीदाराला आधीच गाठून ठेवलंय.