‘ग्राहकांचा विश्वास’ म्हणावे, की भरवसा, की उमेद?

प्रश्न (परभणी) :
मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ‘मंदीतून सावरताना जगभरातील ग्राहकांचा विश्वास वाढला आणि त्यांचा खर्चही वाढला’ अशा अर्थाची वाक्ये वृत्तपत्रांत वारंवार येतात. ती वाचून विद्यार्थी विचारतात की हा विश्वास कोणावर? दुकानदारावर, बँकेवर की सरकारवर? ‘कन्झ्युमर कॉन्फिडन्स’साठी याहून नेमका मराठी शब्द आहे का? तसेच ‘इकॉनॉमिक रिकव्हरी’ला ‘आर्थिक पुनर्प्राप्ती’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर (लातूर) :
आपल्या विद्यार्थ्यांची शंका अगदी रास्त आहे. मराठीत विश्वास नेहमी कोणावर तरी असतो, त्यामुळे ‘ग्राहकांचा विश्वास वाढला’ हे वाक्य वाचकाला अर्धवट वाटते. मूळ संज्ञेतील अर्थ वेगळा आहे. माझे काम टिकेल का, घरात पैसा येत राहील का, भाव आवाक्यात राहतील का, याबद्दल कुटुंबाला वाटणारी खात्री म्हणजे हा ‘कॉन्फिडन्स’. अशा अनिश्चित गोष्टींसाठी आपल्याकडे ‘भरवसा’ हा शब्द रुळलेला आहे. पावसाचा भरवसा, भावाचा भरवसा, कामाचा भरवसा असे आपण सहज म्हणतो. म्हणून ‘उत्पन्नाबद्दलचा ग्राहकांचा भरवसा’ ही शब्दयोजना मला अर्थाच्या सर्वांत जवळची वाटते.

या संकल्पनेचा इतिहास पाहिला तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९४० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जॉर्ज कटोना यांनी ग्राहकांचा हा भरवसा मोजणारी सर्वेक्षणे सुरू केली. त्यांचे प्रतिपादन असे होते की खर्च केवळ ऐपतीवर ठरत नाही, तर खर्च करण्याच्या मनाच्या तयारीवरही ठरतो. मराठीत ऐपत आणि तयारी हे शब्द आपण वेगळे ठेवतो, हे येथे फार उपयोगाचे आहे. चीनमध्ये २०२२ साली कडक टाळेबंदीच्या काळात कुटुंबांच्या बँक ठेवी १७ लाख कोटी युआनहून अधिक वाढल्या. पैसा साठत होता, पण पुढच्या दिवसांचा भरवसा नसल्यामुळे लोकांनी हात आखडता घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या सर्वेक्षणाचा निर्देशांक महागाईमुळे ५० पर्यंत घसरला, जो तोपर्यंतचा नीचांक होता, तरी अमेरिकी कुटुंबांचा खर्च कोसळला नाही, कारण रोजगार टिकून होता आणि आधीच्या काळातील बचत हाताशी होती. भरवसा आणि खर्च नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, आणि ‘विश्वास वाढला, खर्च वाढला’ या ठोकळेबाज वाक्यात नेमकी हीच गोष्ट लपून जाते.

‘पुनर्प्राप्ती’ म्हणजे गमावलेली वस्तू परत मिळणे. अर्थव्यवस्था अशी परत मिळत नाही, ती सावरते. काही भाषांतरांत ‘वसुली’ हा शब्द आलेला मी पाहिला आहे, आणि तो मला अनर्थकारक वाटतो, कारण दुष्काळात कर्जवसुलीला स्थगिती मिळावी म्हणून वाट पाहणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला ‘आर्थिक वसुली सुरू’ या मथळ्याचा अर्थ नेमका उलटा लागेल. ‘सावरणे’ हे क्रियापद आणि ‘उभारी’ हे नाम पुरेसे आहे.

प्रतिसाद (जालना) :
आपले विवेचन पटते, परंतु ‘भरवसा’ या शब्दाची एक अडचण नोंदवणे मला आवश्यक वाटते. आमच्या कापडाच्या व्यवसायात ‘गिऱ्हाइकाचा भरवसा नाही’ याचा अर्थ गिऱ्हाईक भरवशाचे नाही, त्याला उधार देऊ नये, असा होतो. म्हणजे ‘ग्राहकांचा भरवसा घटला’ असे मथळ्यात छापले, तर अर्थाची दिशाच फिरेल. ‘उत्पन्नाबद्दलचा’ हा शब्द सोबत असेल तरच आपली योजना टिकते.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अशाच ग्राहक सर्वेक्षणात दोन निर्देशांक असतात. एक वर्षभरापूर्वीच्या तुलनेत आजची स्थिती सांगतो, दुसरा पुढील वर्षाबद्दलची अपेक्षा सांगतो. १०० च्या वर आशावाद आणि खाली निराशा, असे त्यांचे वाचन आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पहिला ४९.९ पर्यंत उतरला होता आणि दुसरा मात्र ११५.९ होता. हातात काही नाही, तरी पुढे बरे होईल असे लोक सांगत होते. या दुसऱ्या भावनेला ‘उमेद’ हाच शब्द शोभतो, आणि दोन्ही निर्देशांकांना एकच नाव दिले तर हा मोलाचा फरक पुसला जाईल. ‘सद्यःस्थितीचा भरवसा’ आणि ‘ग्राहकांची उमेद’ अशी जोडी वापरावी, असे मी सुचवतो.

खर्चाच्या बाबतीत मोंढ्यातील, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेतील, ‘उठाव’ हा शब्दही विचारात घ्यावा. ‘मालाला उठाव आहे’ या वाक्यात प्रत्यक्ष खरेदी होत असल्याचा अर्थ आहे, नुसत्या इच्छेचा नाही. सोयाबीनचे पैसे हाती आले की शेतकरी आधी कृषी सेवा केंद्राची उधारी फेडतो, मग घरातील अडलेली कामे काढतो, आणि कापडाला किंवा दुचाकीला उठाव त्यानंतर येतो. कोरोनाच्या पहिल्या वर्षात अमेरिकी कुटुंबांनीही क्रेडिट कार्डावरील थकबाकी आधी कमी केली होती. सावरण्याच्या काळात उमेद आधी दिसते आणि उठाव मागाहून येतो, म्हणून या दोन्हींना ‘मागणी वाढली’ या एकाच शब्दप्रयोगात कोंबू नये.

आणखी एक सूचना. रिझर्व्ह बँकेचे वरील आकडे शहरी सर्वेक्षणाचे आहेत, ज्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर यांचा समावेश असतो. ग्रामीण आणि निमशहरी भागासाठीचे सर्वेक्षण वेगळे असते. विद्यार्थ्यांना उदाहरण देताना ‘भारतीय ग्राहकांची उमेद’ असे न लिहिता ‘शहरी ग्राहकांची उमेद’ असे लिहावे, अशी विनंती आहे.