फॉलिंगवॉटर बघायचंय – साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा) आणि दोन मुलं बरोबर. सल्ला हवा

जर्सीची_जाई:
साबा-साबु भारतातून आलेत. साबा चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, त्यांना आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर, म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं ते धबधब्यावरचं घर, बघायचंच आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने, ऑक्टोबरमधला एखादा शनिवार-रविवार. मुलं ९ आणि ४ वर्षांची. साबुंचे गुडघे कुरकुरतात. तिकिटं, दोन रात्री मुक्काम, खाणंपिणं, सगळं धरून ६०० डॉलर, त्यावर एक पैसा नाही. कुठली टूर घेऊ?

रानवाटा:
ऑक्टोबर आणि आत्ता विचारताय? पानं रंगली की तिथे झुंबड असते. आधी तिकीट, मग हॉटेल. बुधवारी बंद असतं, जानेवारी-फेब्रुवारीत तर कुलूपच.

वास्तुवेडी:
अगं, हॉटेल कशाला? जवळच अ‍ॅक्मे गावात पॉलिमथ पार्क आहे, तिथल्या डंकन हाउसमध्ये चक्क राहता येतं. तेही राइटचंच! आम्ही राहिलो होतो. बजेट जरा वाढव.

जर्सीची_जाई:
ताई, ६०० मध्ये.

वास्तुवेडी:
साबा काय रोज येतात का!

खवय्या_काका:
इतक्या लांब जाताय तर पिट्सबर्गचं बालाजी मंदिर करा. दर्शन होतं आणि खाली कँटीनमध्ये चिंचेचा भात. आम्ही घर बघायला म्हणून निघालो आणि मंदिरातूनच परत आलो, काही वाईट वाटलं नाही.

तिरकस:
गळकं घर बघायला पाच तास गाडी? मालकाने स्वतः त्याला सात बादल्यांचं घर म्हटलं होतं. आम्ही चाळीत बिनतिकिटाचे राहिलोय.

कॉलम_बीम:
गळतीपेक्षा गच्च्यांचं बोला. १९३६-३७ मध्ये काँक्रीटच्या एवढ्या मोठ्या गच्च्या नाल्यावर अधांतरी काढल्या. मालक कॉफमन यांच्या बाजूच्या इंजिनियरांनी राइटना न विचारता जास्तीची सळई टाकली, ते कळल्यावर राइट भडकले होते. तरी मुख्य गच्ची ७ इंचांच्या आसपास खाली आली! २००२ मध्ये दिवाणखान्याच्या फरशा उचलल्या, खाली पोलादी केबल टाकून ताणल्या आणि फरशा परत जागच्या जागी बसवल्या. मी स्वतः तीस वर्षं प्रीस्ट्रेसिंगमध्ये (काँक्रीटमधल्या केबल ताणण्याच्या कामात) आहे, म्हणून सांगतो, मोठी टूर घ्या. छोटीत नुसतं फिरवून आणतात.

तिरकस:
म्हणजे इंजिनियर बरोबर आणि आर्किटेक्ट चूक. नेहमीचंच.

वास्तुवेडी:
इंजिनियरच्या भरवशावर सोडलं असतं तर तिथे समोरून धबधबा दिसणारा बंगला झाला असता. कॉफमनना तेच हवं होतं. राइटनी घर धबधब्याच्या डोक्यावर ठेवलं. आत बसून धबधबा दिसत नाही, नुसता आवाज येतो. दिवाणखान्यातून काचेचं झाकण सरकवलं की थेट नाल्यात उतरणारा जिना आहे. शेकोटीपुढे मूळचा खडक फरशीतून वर आलेला तसाच ठेवलाय. फरशीला मेणाची झिलई आहे, खडकाला नाही, त्यामुळे फरशी ओली वाटते आणि खडक पाण्यातून डोकं काढल्यासारखा. साबांना हे दाखवच.

रानवाटा:
तिकीट आधी काढा, परत सांगते. आणि टर्नपाइकच्या (टोलच्या हायवेच्या) डोनेगल एक्झिटनंतर ३८१ नंबरच्या रस्त्यावर फोनची रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. आमचे हे 'मला रस्ता पाठ आहे' म्हणाले आणि आम्ही कुणाच्या तरी शेतात पोचलो.

दोन_पिल्लांची_आई:
एवढे प्रतिसाद आले आणि कुणी मुख्य गोष्ट सांगितली नाही! ६ वर्षांखालच्या मुलांना टूरमध्ये आत घेत नाहीत. कडेवर घेऊनही नाही. तुमचं चार वर्षांचं पिल्लू बाहेरच राहणार. त्यासाठी नुसत्या आवाराचा पास मिळतो, तो टूरपेक्षा बराच स्वस्त आहे. फोटोत दिसतं ते दृश्य खालच्या वाटेवरून असतं, ते त्या पासातही मिळतं. आत जिने अरुंद आहेत, छत बुटकं, साबुंना त्रास होईल. चालायला त्रास असेल तर व्हिजिटर सेंटरला आधी फोन करून सांगा, घरापर्यंत उतार आहे.

खवय्या_काका:
मंदिरात सगळ्या वयाची मुलं चालतात.

नवा_पावसाळी:
आम्ही फॉलिंगवॉटर सोडून केंटक नॉब बघितलं, तेही राइटचंच, तिथून पाऊण तासाच्या आत. गर्दी कमी. खरं तर तेच जास्त आवडलं.

वास्तुवेडी:
आवडेल, पण साबांनी केंटक नॉब मागितलेलं नाहीये. आणि केंटक नॉब आवडणं हा आजकाल एक शौक झालाय.

नवा_पावसाळी:
शौक कसला, माझं मत आहे.

जर्सीची_जाई:
सगळ्यांना धन्यवाद. ठरलं. साबा एकट्या आत जातील, साधीच टूर. मोठ्या टूरमध्ये दोन तास उभं राहणं त्यांना नको. आम्ही बाकीचे आवाराचा पास काढू आणि नंतर जवळच्याच ओहायोपाइल गावातला धबधबा. डंकन हाउस नाही, केंटक नॉब नाही. डोनेगलजवळचं साधं मोटेल घेतलंय. तारीखही बदलली, नोव्हेंबरचा पहिला शनिवार, पानं गळलेली असतील.

रानवाटा:
पानं गळल्यावर जाऊन काय बघणार?

जर्सीची_जाई:
साबा म्हणाल्या, झाडं मोकळी असली की घर नीट दिसतं.

कॉलम_बीम:
मोठीच टूर घ्यायची होती.

खवय्या_काका:
मंदिर राहिलंच की. पिट्सबर्ग तिथून दीड तास फक्त.