आठवड्यातून एकदा देवासमोर विसावा: घरात बसवता येईल अशी रीत सुचवा

सकाळपाळी:
सलाम सगळ्यांना. मी स्टाफ नर्स, राहते पिंपरीत. दोन खोल्यांचं घर, दोन मुलं (नऊ आणि पाच), सासूबाई. नवरा भोसरीत कंपनीत, त्याची सुट्टी गुरुवारी. माझी सोमवारी. रविवारी ड्यूटी नसली की चर्चला उपासनेला जातो, पण घरी आलं की परत गॅससमोर. सोमवार धुण्यात आणि दळणात जातो. आम्हा सगळ्यांना एक सामाईक दिवस मिळत नाही.

मला आठवड्यातून एकदा अशी रीत बसवायची आहे, ज्यात मागचा आठवडा देवाच्या हाती सोपवता येईल आणि पुढच्यासाठी अंगात त्राण येईल. वेळ जास्तीत जास्त दोन तास. खर्च शंभर-दोनशेच्या वर नको. बाहेरगावी जाणं जमणार नाही. तुम्ही काय करता ते सांगा.

पाचगणीप्रेमी:
ताई, दोन तासांत काही होत नाही. मी दरवर्षी पाचगणीला तीन दिवस मौन रिट्रीटला जातो. पहिला दिवस तर डोक्यातला गोंगाट बसण्यातच जातो. राहणं-जेवण धरून चार-पाच हजार होतात, पण वर्षभर पुरतं. मुलांना सासूबाईंकडे ठेवून एकदा याच.

नगरचा_पेटीवाला:
घरात पेटी आहे का? नसेल तर आधी पेटी घ्या. आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणं झाली की पेटी निघते. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली चार-पाच गीतं, त्यात एक तरी टिळकांचं, मग एक उतारा, मग आजोबांची प्रार्थना. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण गीतं सगळी पाठ. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंगाच्या चालीत प्रार्थना करायला शिकवलं, ते उगाच नाही. बारा-पंधरा हजारांत बरी पेटी मिळते.

सकाळपाळी:
दादा, दोनशे रुपये म्हटलं होतं.

नगरचा_पेटीवाला:
जुनी बघा मग. आठ हजारांत मिळेल. भाता तपासून घ्या, मला एकाने फाटका भाता चिकटवून विकला होता.

सातवा_दिवस:
मूळ प्रश्नाकडे या. विसाव्याचा दिवस देवानेच नेमलेला आहे आणि तो सातवा आहे. बायबलमधलं निर्गम 20 वाचा. आम्ही शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत पाळतो. पुण्यात स्पायसर या अ‍ॅडव्हेंटिस्ट कॉलेजमध्ये शिकलो, तिथे ही सवय लागली. यातली सगळ्यांना कामाची गोष्ट म्हणजे तयारीचा दिवस. शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक, इस्त्री, आंघोळीचे कपडे, सगळं उरकलेलं असतं. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तेव्हाही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं. तयारी केली नाही, तर विसाव्याच्या वेळी भांडी डोळ्यांसमोर नाचतात.

वसईची_मावशी:
बाय, शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हा तुला उत्तम उपाय. आम्हा कॅथलिकांना ती रविवारचीच धरली जाते. मी संध्याकाळी मिस्सा करून येते, की रविवारची सकाळ मोकळी. मग अंगणात बसून माळ म्हणते. तुमच्या चर्चमध्ये शनिवारी काही असतं का ते विचार.

सातवा_दिवस:
मावशी, मग शनिवार पाळता की रविवार?

वसईची_मावशी:
रविवार. प्रभू उठला तो दिवस. पण बायबलमध्ये दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे तुम्हीच वर लिहिलंत ना?

जुनी_गिरणी:
शनिवार-रविवारचं चाललंच आहे तर सांगतो. रविवारची सुट्टी मिशनऱ्यांनी दिली असं पुष्कळ लोक म्हणतात. सरकारी कचेऱ्यांना ती इंग्रजांमुळे होती, पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली. 1884 ला त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं होतं.

सातवा_दिवस:
यात ख्रिस्ती काय आहे?

जुनी_गिरणी:
अनुवाद 5 उघडा. तिथे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याचं कारण सृष्टीची निर्मिती नाही, मिसरातली गुलामी आहे. तुम्ही गुलाम होता, तेव्हा तुमच्या दासदासींनाही विसावा मिळाला पाहिजे. राबणाऱ्याच्या विसाव्याबद्दल बायबल इतकं स्पष्ट बोलतं, आणि आपण विसावा म्हणजे फक्त उपासनेला वेळेवर पोहोचणं एवढंच धरतो. ताई नर्स आहेत. त्यांना सुट्टी मिळणं हीच आधी धर्माची गोष्ट आहे.

कोकणातून:
अलिबागकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. विषयाशी संबंध थोडाच आहे, पण पाळणं म्हणजे काय ते गावाला दिसायचं.

पानोपान:
मी एक डायरी वापरते. आठवड्याचं नियोजन, वचन, कृतज्ञतेची जागा, प्रार्थनेच्या विनंत्यांचा तक्ता, सगळं एकात. सतराशेची आहे, पण कागद जाड आहे, शाई फुटत नाही. दर रविवारी रात्री अर्धा तास लिहिते. आयुष्य बदललं.

रात्रपाळी_मिरज:
मीही नर्सच, मिरजेत. वरचं सगळं वाचलं. लोक दिवसावर भांडतायत आणि ताईचा दिवस ठरलेला आहे. ताई, तुझा सोमवार घे. आपल्या कामात रविवार आपला नसतो हे प्रभूला माहीत आहे. शब्बाथाच्या दिवशी त्याने आजारी बरे केले म्हणूनच तर त्याच्यावर चिडले लोक.

दुसरं, आधी झोप. संदेष्टा एलिया झुडपाखाली मरण मागत होता, बायबलमधलं 1 राजे 19. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं. मग होरेब डोंगर, मग देवाच्या मंद वाणीचा तो प्रसंग. रात्रपाळी करून आलेलं माणूस स्तोत्र वाचायला बसलं की दुसऱ्या ओळीवर डुलतं आणि मग स्वतःलाच दोष देत बसतं. आधी तासभर झोप, मग प्रार्थना.

तिसरं, वॉर्डाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या दोन तासांत बंद. फोन कपाटात.

पाचगणीप्रेमी:
फोन बंद हे बरोबर. रिट्रीटला पहिल्याच दिवशी काढून घेतात.

वसईची_मावशी:
फोन बंद. नक्की.

निवृत्त_पाळक:
मुली, कौटुंबिक प्रार्थना सोडू नकोस. एकटीच्या विसाव्याने घर उभं राहत नाही. गुरुवारी यजमान घरी असतात, सोमवारी तू असतेस, तर रोज रात्री मुलं झोपायच्या आधी पंधरा मिनिटं का नाही? स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत, बहुतेक अगदी लहान. यरुशलेमेची वाट चढताना यात्रेकरू ती गात, असं मानतात. आठवड्याला एक घ्या. 131 तर तीनच ओव्यांचं, आईच्या कुशीतल्या मुलासारखा जीव शांत केला आहे असं म्हणणारं. मुलांना पाठ होईल. शब्बाथाचं म्हणून खास लिहिलेलं स्तोत्र 92 आहे, तेही घ्या.

नगरचा_पेटीवाला:
पाळकसाहेब बरोबर बोलतात. सगळे मिळूनच. आणि ही स्तोत्रं गाण्याचीच आहेत, म्हणून म्हटलं पेटी.

तीन_मुलांची_आई:
रोजची पंधरा मिनिटं आमच्याकडे कधीच टिकली नाहीत. एकाला शू, एकाला पाणी, एक रुसलेला. आठवड्याचीच टिकली. मी काय करते ते लिहिते.

आदल्या रात्री भाजी चिरून, कणीक मळून फ्रिजमध्ये. त्या दिवशी जेवायला फक्त खिचडी आणि पापड, घरच्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, कुरकुर चालणार नाही. मग साधी वही. लोयोलाच्या इग्नेशियस या कॅथलिक संताने रोज मन तपासण्याची जी पद्धत दिली, ती मी आठवड्याला एकदा करते. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग सगळा आठवडा वाराप्रमाणे डोळ्यांसमोरून न्यायचा, कुठे चुकलं तिथे क्षमा मागायची, शेवटी येणारा आठवडा सोपवायचा. आम्ही प्रोटेस्टंट आहोत, कुणाला त्रास होऊ नये. यात फार मोठा आधार आहे, कारण आपण आठवड्यातलं वाईट तेवढं लक्षात ठेवतो. वाराप्रमाणे गेलं की मंगळवारी शेजारणीने आणून दिलेली कोथिंबीरही आठवते.

पानोपान:
माझ्या डायरीत यासाठी वेगळं पान आहे.

सातवा_दिवस:
खिचडी म्हणजेही स्वयंपाकच. आदल्या दिवशी करून ठेवा.

तीन_मुलांची_आई:
गार खिचडी तुम्ही खा, भाऊ. माझी मुलं खात नाहीत.

सकाळपाळी:
सगळं दोनदा वाचलं. मनापासून लिहिलंत, आभार. काय ठरवलं ते सांगते.

सोमवार, मुलं शाळेत गेल्यावर, दहा ते बारा. एकटी. पाळकसाहेब, क्षमा असावी, रात्रीची प्रार्थना आमच्याकडे सासूबाई घेतात आणि छान घेतात, ती चालू राहील. पण घरात आणि वॉर्डात मी सतत कुणाच्या तरी हाकेवर असते. मला कुणी हाक मारणार नाही असे दोन तास हवेत. सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मी तेवढा वेळ खाली बाकावर बसेन, शेजारणी असतातच.

वही घेणार नाही. दिवसभर चार्ट लिहिते, केसपेपर वाचते, डोळ्यांना अक्षर नको होतं. म्हणून फोनही ठेवणार आहे, सगळ्यांनी नको म्हटलं तरी. ग्रुप बंद करेन, पण मराठी बायबल फोनवर फुकट ऐकता येतं. पडून ऐकणार. आधी मार्क, चार शुभवर्तमानांत तो सगळ्यांत छोटा, सोळा अध्याय. एका वेळी अर्धा. झोप लागली तर लागू दे, मिरजेच्या ताईने एलियाचं लिहिलं ते फार भिडलं. उठल्यावर जिथपर्यंत आठवतं तिथून पुढे.

तयारीचा दिवस मात्र घेतला. धुणं रविवारी संध्याकाळी, दळण गुरुवारी नवरा आणेल. हे त्याने स्वतःच म्हटलं. आणि सोमवारी खिचडी, गरम.

रात्रपाळी_मिरज:
मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. त्यांना जेवायलाही सवड नव्हती असं तिथे लिहिलंय. तिथे पोहोचलीस की माझी आठवण कर.

निवृत्त_पाळक:
सासूबाईंना माझा सलाम सांग. चांगली बाई दिसते.

सातवा_दिवस:
सोमवार बायबलमध्ये कुठेच नाही, एवढंच नोंदवतो. दळण नवऱ्याकडे दिलंत ते मात्र योग्य.

नगरचा_पेटीवाला:
पडून ऐकायचं असेल तर गीतांचंही रेकॉर्डिंग मिळतं. पेटीचं मुलांसाठी बघा, नऊ वर्षं हे शिकायचं वय आहे. पिंपरीत कुणाकडे जुनी असेल तर इथे लिहा, भाता मी येऊन तपासून देईन.