जुन्या साड्या ऑनलाइन विकते, आयकर रिटर्नमध्ये काय दाखवू?

राजारामपुरीची_ताई
नमस्कार मंडळी. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. लग्नात आहेरात आलेल्या, एक-दोनदाच नेसलेल्या साड्या कपाटात पडून होत्या. भांडेवालीला एका पातेल्यावर इरकली देववेना, म्हणून पदर नि काठ नीट दिसतील असे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकल्या. हातोहात गेल्या. ते बघून मामेबहिणीने आणि शेजारच्या काकूंनीही त्यांच्या साड्या दिल्या. त्या विकून वीस टक्के मी ठेवते, बाकीचे त्यांना देते. दिवाळीपासून मात्र जुन्या साड्यांचे गठ्ठे विकत घेते. ड्रायक्लीन, फॉल-पिको, इस्त्री करून विकते. पैसे सगळे यूपीआयने, पगाराच्याच खात्यावर येतात.

शाळेतल्या बाई म्हणतात, जुन्यावर कसला टॅक्स? आमचे हे म्हणतात, जमा झालेली सगळी रक्कम दाखव. मला काही लपवायचं नाही, पण जे उत्पन्नच नाही ते कशाला दाखवू?

शाहूपुरीकर
ताई, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही. कशाला डोक्याला ताप? पगार तेवढा दाखवा.

लक्ष्मीपुरी_करसल्लागार
शाहूपुरीकर, टॅक्स शून्य येणं वेगळं आणि उत्पन्न न दाखवणं वेगळं. असा सल्ला कुणाला देऊ नका.

ताई, तुमच्या खात्यावर तीन प्रकारचे पैसे आहेत, ते आधी वेगळे करा. स्वतःच्या नेसलेल्या साड्या या वैयक्तिक वापराच्या वस्तू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २(१४) मध्ये त्या भांडवली मालमत्तेतून, म्हणजे विकल्यावर नफ्यावर कर लागतो अशा मालमत्तेतून, वगळल्यात. त्या विकून आलेल्या पैशावर कर नाही. आठ हजाराची साडी दोन हजाराला गेली तर तो तोटाही कुठे धरता येत नाही. दागिन्यांना मात्र ही सूट नाही, कपड्यावर शिवलेले सोन्याचांदीचे असले तरी.

बहिणीच्या आणि काकूंच्या साड्यांचे तुमचे फक्त वीस टक्के. ऐंशी टक्के तुमचे नाहीतच, पण ते त्यांना दिल्याचं दिसलं पाहिजे. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा.

गठ्ठ्यांचा मात्र सरळ धंदा आहे. विक्रीतून खरेदी, ड्रायक्लीन, फॉल-पिको, कुरिअर वजा जाता जे उरतं ते व्यवसायाचं उत्पन्न.

राजारामपुरीची_ताई
मनापासून आभार. मग सहा टक्के नफा दाखवायचा तो सोपा फॉर्म चालेल का? गठ्ठेवाल्या मावशी पावती देत नाहीत, वहीत लिहून ठेवलंय.

लक्ष्मीपुरी_करसल्लागार
तो १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४एडीचा मार्ग. डिजिटल जमेवर किमान सहा टक्के नफा धरायचा, रोखीवर आठ. पण कमिशनची कमाई असणाऱ्याला तो बंद आहे, आणि तुमचे वीस टक्के कमिशनच आहे. त्यामुळे आयटीआर-३ हा व्यवसायवाल्यांचा रिटर्न फॉर्म भरा, खरा नफा दाखवा. व्यवसायाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आणि विक्री २५ लाखांच्या आत असेल तर रीतसर हिशेबपुस्तकांची सक्ती नाही, तरी वही सोडू नका. मावशींनाही यूपीआयने पैसे द्या, म्हणजे खरेदीचा पुरावा राहील. आणि धंद्याला वेगळं खातं उघडा, आजच.

कागलकर
जीएसटीचं कुणी बोललंच नाही. ताई, निपाणी-बेळगावला पार्सल जातं का?

राजारामपुरीची_ताई
हो, निपाणीची बरीच गिऱ्हाइकं आहेत. इरकलीला तिकडूनच जास्त मागणी.

लक्ष्मीपुरी_करसल्लागार
कागलकरांनी बरोबर पकडलं. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणीची सूट असते, तीही राज्यातल्या विक्रीपुरती. निपाणी आपल्याला घरासारखी असली तरी कर्नाटकात आहे, आणि धंद्याचा करपात्र माल राज्याबाहेर विकला तर रक्कम कितीही असो, नोंदणी लागते. स्वतःच्या कपाटातली साडी पाठवली तर प्रश्न नाही, तो धंदा नव्हे. गठ्ठ्यातल्या साड्या नोंदणी होईपर्यंत महाराष्ट्रातच विका. झालेल्या विक्रीचे कागद घेऊन आधी तुमच्या सीएंना भेटा.