जीसॅप ३ मधील ‘ओव्हरराइट’कडे लक्ष द्यावे

जीसॅप ही वेबपानांवर ॲनिमेशन करण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. तिच्या आवृत्ती २ मधील ट्वीनमॅक्स या साधनाचा जुना कोड जीसॅप ३ मध्येही चालतो, म्हणून केवळ आवृत्ती बदलून भागेल, असे काहींचे मत आहे आणि ते बव्हंशी बरोबर आहे. खरी मेख ‘ओव्हरराइट’मध्ये, म्हणजे नवे ॲनिमेशन सुरू होताना त्याच घटकावरील जुने थांबवायचे का हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये आहे. आवृत्ती २ मध्ये ते मुळातच ‘ऑटो’ (टक्कर होणारा जुना भाग थांबवा) असे, ३ मध्ये ‘फॉल्स’ (काहीही थांबवू नका) असते. त्यामुळे बटणावर माउस नेताना आणि काढताना सुरू होणारी दोन ॲनिमेशन्स एकाच ‘स्केल’साठी (बटणाच्या आकारासाठी) भांडतात, बटण थरथरते आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मात्र एकही एरर दिसत नाही. जीसॅप.डिफॉल्ट्समध्ये, म्हणजे सर्व ॲनिमेशन्सच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘ऑटो’ लिहून सर्वत्र पूर्ववत करता येते, परंतु जिथे टक्कर होते तेवढ्याच ट्वीनला (एकेका ॲनिमेशनला) ते देणे मला अधिक योग्य वाटते. अनेक घटकांना यादीतील मूल्ये आळीपाळीने देणारे ‘सायकल’ तर आवृत्ती ३ मधून काढूनच टाकले आहे, त्याऐवजी जीसॅप.यूटिल्स.रॅप वापरावे.